कोकणात दुचाकीसाठी बूट घेताना आधी सोल पाहा, वॉटरप्रूफची चिठ्ठी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शृंगारतळीचे एक गृहस्थ औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून काम करतात आणि दीडशे सीसीच्या मोटारसायकलवर रोज ऐंशी ते शंभर किलोमीटर फिरतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने टूरिंगचे बूट घेतले, एकदा गोव्याला जाऊन आले आणि बूट खोक्यासकट माळ्यावर ठेवून दिले. यंदा मृगाच्या तोंडावर ते खाली काढले आणि दुसऱ्याच दिवशी सोल तुकड्यातुकड्यांनी गळून पडला. आता त्यांना टिकाऊ आणि खरोखर वॉटरप्रूफ बूट हवे आहेत. खर्चाची तयारी बारा हजारांपर्यंत आहे. आणखी पैसे घालून गोअर-टेक्सचे बूट घ्यावेत की इतरांप्रमाणे गमबूट घालून मोकळे व्हावे, असे ते विचारतात. डिसेंबरात तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून पुढे गाडीवरून, किनाऱ्याच्या रस्त्याने, वेंगुर्ल्यापर्यंत जायचा त्यांचा बेतही आहे.

रत्नागिरीत माझे बूट-चपला दुरुस्तीचे दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली आरी धरायला शिकलो, त्याला आता सव्वीस वर्षे झाली, आणि तेवढीच वर्षे मी स्वतः दुचाकीवर फिरतो आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत मोटारसायकलचे खास बूट दुरुस्तीला येण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले. त्यांतले रस्त्यावर घासून खराब झालेले फार थोडे असतात. बहुतेक बूट घरातच, कपाटात किंवा माळ्यावर, निकामी झालेले असतात. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी सोलपासून सुरू करतो.

तुमच्या बुटांचा सोल झिजून किंवा चिकटवण सुटून गेलेला नाही, तो कुजला आहे. बाहेरून रबरासारख्या दिसणाऱ्या अनेक सोलांच्या पोटात पॉलियुरेथेनचा फेस असतो. तो हलका असतो, पायाला मऊ लागतो आणि साच्यात पटकन ओतता येतो, म्हणून कारखानदारांना आवडतो. मात्र त्याच्या नेहमीच्या प्रकारात रेणूंच्या साखळ्या ज्या बंधांनी जोडलेल्या असतात, ते बंध हवेतील बाष्प हळूहळू तोडत राहते. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. ही क्रिया बूट वापरा अथवा वापरू नका, चालूच राहते, आणि ऊब व दमटपणा एकत्र मिळाले की तिचा वेग वाढतो. कौलाखालचा माळा, त्यात बंद खोके, खोक्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मागच्या प्रवासाची ओल, याहून सोयीची जागा तिला मिळणार नाही. माझ्या दुकानात असे बूट साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. सोलच्या कडेला अंगठ्याचे नख दाबले की नानकटाईसारखा भुगा पडतो आणि गिऱ्हाईक म्हणते, "पण फक्त दोनदा घातले होते हो!"

तेव्हा नवीन बूट घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न रंगाचा किंवा मापाचा न विचारता तळाचा विचारावा. पायाखालचा थर रबराचा आहे, हे तर हवेच; पण त्याच्या आणि वरच्या चामड्याच्या मधला जाड थर कशाचा आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तो रबराचा किंवा ईव्हीएचा, म्हणजे एका वेगळ्या जातीच्या हलक्या फेसाचा, असेल तर उत्तम. ईव्हीए कालांतराने दबून बसते, तथापि ते दमट हवेने असे भुगा होत नाही. पॉलियुरेथेनचा फेस असेल, तर खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सवलतीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा बूट तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो, म्हणजे त्याच्या आयुष्याची तीन वर्षे तुम्ही पाय घालण्यापूर्वीच संपलेली असतात. टीपीयू हे नाव दिसले तर घाबरू नका. तो घट्ट प्लास्टिकसारखा पदार्थ या बाबतीत फेसापेक्षा पुष्कळ चिवट असतो आणि घोट्यावरच्या व नडगीवरच्या ढालींसाठी सर्रास वापरला जातो.

आता वॉटरप्रूफ या शब्दाकडे वळू. मोटारसायकलच्या वॉटरप्रूफ बुटात चामड्याच्या आत आणि अस्तराच्या बाहेर पातळ पडद्याचा एक मोजा बसवलेला असतो. गोअर-टेक्स हे त्या पडद्याचे सर्वांत गाजलेले नाव असून इतर कंपन्यांचे स्वतःचे पडदेही असतात. गोअर-टेक्सचा मूळ पडदा ताणलेल्या टेफ्लॉनचा, म्हणजे तव्याला लावतात त्याच जातीच्या पदार्थाचा. त्यातील छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, परंतु घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. जाऊ शकते, असे मी मुद्दाम म्हणतो. वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पात फरक असावा लागतो. मनालीच्या कोरड्या थंडीत तो भरपूर असतो. जुलैत रत्नागिरी किंवा गुहागरला हवेतील आर्द्रता कित्येक दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातच बाहेरचे चामडे पाणी पिऊन जड झालेले असते. अशा वेळी घामाला वाट उरत नाही. दहा तास बूट पायात असले की मोजे ओले निघतात आणि माणसाला वाटते की बूट गळला. पडद्याचा दोष नसतो, त्याला जे काम करायचे असते त्यासाठी लागणारी हवा कोकणात पावसाळ्यात मिळत नाही.

बूट गळतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी दुकानातल्या बादलीत उभे करतो. बुटात कोरड्या वर्तमानपत्राची पट्टी टाचेपासून चवड्यापर्यंत पसरायची, त्यावर मोजे घातलेला पाय ठेवायचा आणि घोट्याच्या जरा खालपर्यंत पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उभे राहायचे, अधूनमधून चवडे वाकवायचे. गेल्या वर्षी पावसच्या बाजूचा एक तरुण शिक्षक असाच वैतागून आला होता. वीस मिनिटांनी कागद काढला तर कडकडीत कोरडा. मग त्याची पावसाळी पॅन्ट मागवली आणि कोडे सुटले. पॅन्ट आखूड होती. गाडीवर गुडघे दुमडले की ती नडगीवर सरकायची आणि बुटाची वरची कड उघडी पडायची. मांडीवरून ओघळलेले पाणी कौलावरच्या पागोळीसारखे थेट बुटात उतरत होते. वॉटरप्रूफ पडद्याने मग आपले काम चोख केले: आत आलेला थेंब त्याने बाहेर जाऊ दिला नाही. असा भरलेला बूट म्हणजे तांब्याच. साधा चामड्याचा बूट शिवणीतून निथळतो, हा निथळत नाही, आणि पावसाळ्यात पंख्याखाली ठेवूनही दोन-दोन दिवस आतून ओला राहतो.

म्हणून बारा हजारांतले हजार-दीड हजार आधी चांगल्या पावसाळी पॅन्टसाठी बाजूला काढा. गाडीवर बसल्यावर ती बुटाच्या कडेखाली निदान चार बोटे यायला हवी, तिच्या तळाला चवड्याखालून जाणारा इलास्टिकचा पट्टा असावा, आणि ती नेहमी बुटाच्या बाहेरून सोडावी. बुटात खोचलेली पॅन्ट म्हणजे पन्हळच. बुटांवरून चढवायची प्लास्टिकची कव्हरे मात्र मी कुणाला सुचवत नाही. त्यांचा तळ ओल्या लादीवर घसरतो, गिअरच्या दांड्याशी ती आठवड्याभरात फाटतात, आणि सायलेन्सरला टेकली तर वितळून तिथेच चिकटतात.

आता गमबुटांविषयी, कारण आपल्याकडे हा खराच पर्याय आहे. हर्णैच्या बंदरावर मासळी उतरवणाऱ्याने किंवा चिखलणीला उतरलेल्या शेतकऱ्याने गमबूट घालावा. त्या कामाला त्याच्याइतके योग्य दुसरे काही नाही. त्यातून पाणी झिरपत नाही, तो धुऊन पुसला की तासाभरात वाळतो आणि पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो. गाडीवर त्याची अडचण अशी की तो पायाला कुठेच बांधलेला नसतो. गाडी आडवी होऊन पाय तिच्याखाली सापडला की गमबूट तिथेच राहतो आणि पाय उघडा बाहेर येतो. घोट्याच्या हाडावर त्याचे काडीचे संरक्षण नाही, तळ मऊ असल्याने फूटपेगची, म्हणजे पाय टेकायच्या दांड्याची, धार पायाला जाणवते आणि मागचा ब्रेक किती दाबला याचा अंदाज येत नाही. दिवसाला पाच-सात किलोमीटर, वाडीतून बाजारापर्यंत, जाणाऱ्याला मी हरकत घेणार नाही. तुम्ही शंभर किलोमीटर फिरता.

संरक्षणाच्या बाबतीत ठरवणे तुलनेने सोपे आहे. मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन 13634 हे युरोपीय मानक आहे. त्यानुसार तपासलेल्या बुटाच्या आतल्या चिठ्ठीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र आणि चार आकडे असतात, प्रत्येक आकडा एक किंवा दोन. पहिला बुटाची उंची सांगतो, दुसरा रस्त्यावर घासण्याला तो किती टिकतो हे, तिसरा धारदार वस्तूच्या आघाताला किती टिकतो हे, आणि चौथा तळ आडवा दाबला असता किती ताठ राहतो हे. पाण्याची चाचणी ऐच्छिक असते. ती उत्तीर्ण झाली असेल तर डब्ल्यूआर ही अक्षरे असतात. चिठ्ठी नसली तरी हाताने बरेच कळते. बूट चवड्याच्या रुंद भागी दोन्ही तळव्यांत धरून आडवा दाबा. पुस्तकासारखा मिटू लागला तर गाडीच्या वजनाखाली तुमची बोटेही तशीच मिटतील. मग टाच एका हातात आणि पुढचे टोक दुसऱ्या हातात धरून फडके पिळतो तसे पिळा. चांगला बूट सहजासहजी पिळला जात नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक ढाल हाताला लागली पाहिजे. अनेक देखण्या बुटांत ती फक्त बाहेरच्या बाजूला असते, आणि आतल्या बाजूला, जिथे गाडीचे लोखंड असते, तिथे नुसता फोम भरलेला असतो.

चामडे की कृत्रिम कापड, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. अखंड, जाड चामडे घासण्याला सर्वांत चांगले टिकते. आपल्या हवेत त्यावर बुरशी येते, पण ती पुसता येते. मायक्रोफायबर लवकर वाळते, बुरशीला कमी बळी पडते आणि रोजच्या कामाला पुरेसे असते. टाळावे ते रेक्झिन, म्हणजे कापडावर चढवलेली चकचकीत साय. दोन पावसाळ्यांत ती पापुद्र्यांनी सुटते, कारण पुष्कळदा तिथेही तेच पॉलियुरेथेन असते. नुबक आणि स्वेड ही मखमली चामडी दिसायला छान असली तरी जांभ्याची लाल माती त्यांत एकदा बसली की निघत नाही.

बंद कशाने होतो, याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि आपल्या किनाऱ्यावर नेमके तेच आधी बिघडते. खाऱ्या हवेने धातूची चेन अडकते, हिरवट होते, आणि ऐन घाईत तिचा रनर हातात येतो. वेल्क्रोत लाल चिखल वाळून बसला की तो चिकटत नाही. जुन्या दातघाशीने, वाळल्यावर, खरवडून काढावा लागतो. नाडीचे बूट पायाला उत्तम बसतात, मात्र सुटलेली नाडी फूटपेगमध्ये गुंतण्याचा धोका असतो, म्हणून ती झाकणारी पट्टी असेल तरच घ्यावेत. माझी पसंती प्लास्टिकच्या जाड दातांची चेन आणि तिच्यावर वेल्क्रोची रुंद पट्टी यांना आहे. चेनवर आठवड्यातून एकदा साधी मेणबत्ती घासावी. चेनच्या किंवा जिभेच्या मागे दोन्ही बाजूंनी शिवलेला घडीचा पडदा असतो, तो किती उंचीपर्यंत शिवला आहे हे बूट पूर्ण उघडून पाहा. पडदा घोट्यापर्यंतच असेल, तर बूट बाहेरून कितीही उंच असला तरी वहाळ ओलांडताना पाणी घोट्यावर आले की आत येणारच.

तळाच्या नक्षीबद्दल एकच सांगतो. फार खोल, ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी आपल्या चिकट लाल मातीने गच्च भरते आणि मग बूट गुळगुळीत तळाइतकाच घसरतो. मध्यम खोलीची, कडेला मोकळी सुटणारी नक्षी बरी. फेरीबोटीच्या लोखंडी उतारावर शेवाळ आणि डिझेल यांचा थर असतो. तिथे कुठलाच बूट पूर्ण भरवशाचा नाही, तेव्हा पाय टेकताना पूर्ण तळ टेकावा, चवड्यावर भार देऊ नये.

मापासाठी संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना, आणि पावसाळ्यात घालणार ते मोजे बरोबर न्या. ते सुती नकोत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे हवेत, कारण सुती मोजा भिजला की तसाच थंडगार पायाला चिकटून राहतो. युरोपीय आणि ब्रिटिश क्रमांकांचा मेळ प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो, म्हणून कागदावर पाऊल आखून सेंटिमीटरमध्ये लांबी काढा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. बूट घालून दुकानात चार पावले चालणे पुरेसे नाही. बाहेर येऊन स्वतःच्या गाडीवर बसा आणि गिअर वर टाकून पाहा. टूरिंग बुटाचे टोक साध्या बुटापेक्षा जाड असल्याने ते गिअरच्या दांड्याखाली जात नाही, आणि माणूस बूट परत करतो. खरे तर दांड्याचा बोल्ट सैल करून तो एक दात वर बसवला की काम होते. कुठलाही मेकॅनिक पाच मिनिटांत करून देईल.

आता तुमच्या पैशांचा हिशेब. गोअर-टेक्सचे चांगले परदेशी बूट तुमच्या मर्यादेच्या दुपटीच्या आसपास जातात. वर्षातून एकदा लडाखला जाणारा माणूस असता, तर मी तसे बूट घ्या म्हटले असते. तुमचे काम वेगळे आहे. दवाखान्यादवाखान्यांत तुम्ही दिवसातून पंधरा वेळा उतरता, चालता, थांबता, आणि जून ते सप्टेंबर रोज भिजता. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. ओला झालेला बूट एका रात्रीत वाळत नाही, आणि ओल्याच बुटात रोज पाय घातला की शिवण, चिकटवण, अस्तर आणि पायाची कातडी सगळेच एकदम खराब होते. म्हणून एक महागडा जोड घेण्याऐवजी भारतीय बनावटीचे, घोट्याच्या वर चार-पाच बोटे येणारे, रबरी तळाचे, पाच-साडेपाच हजारांपर्यंतचे दोन जोड घ्या आणि एक दिवसाआड घाला. त्यांत पडदा असला तर चांगले, नसला तरी अडत नाही. दोन्ही जोड एकाच नमुन्याचे असले तर गिअर आणि ब्रेकचा अंदाज बदलत नाही, हाही फायदा.

घरी आल्यावर आधी साध्या पाण्याने चिखल आणि खार धुऊन टाका. इनसोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी ते बदला, आणि टेबलफॅनची हवा बुटाच्या तोंडात जाईल असे ठेवा. चूल, हीटर, गरम सायलेन्सर यांजवळ ठेवू नका; चामडे तडकते आणि सोलचे सोल्युशन सुटते. बुरशी दिसली तर व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी घालून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. खोबरेल तेल चोपडू नका, हे मी रोज कुणाला तरी सांगतो. त्याने चामडे लुळे पडते आणि शिवणीत मुरलेल्या तेलावर माती बसते. मेणाचे पॉलिश पातळ हाताने लावले तर पुरे. पावसाळा संपल्यावर बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. हवा खेळेल अशा जागी, कागद भरून ठेवा आणि अधूनमधून पायात घाला.

आगोटीच्या दिवसांत नवे बूट मोच्याकडे नेऊन सोलच्या कडेने शिलाई मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. साध्या बुटांना ती फार उपकारक आहे, मी स्वतः दरवर्षी मे महिन्यात रात्री दहापर्यंत तेच करत बसतो. आत वॉटरप्रूफ पडदा असलेल्या बुटाला मात्र ती कधीही मारू नये, कारण आरी सोल आणि चामडे भेदून थेट पडद्यात जाते, आणि प्रत्येक टाक्याला एक भोक पडते. बुटात पडदा आहे हे गिऱ्हाइकाने सांगितले नाही, तर कारागिराला ते बाहेरून कळत नाही.

तुमचे जुने बूट टाकून दिले नसतील तर पुन्हा पाहा. वरचे चामडे, चेन आणि घोट्याच्या ढाली शाबूत असतील, तर सगळा कुजका फेस खरवडून त्यावर रबराचा नवा अखंड सोल चिकटवता येतो. त्या बुटांत पडदा नसेल, तर कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाईही मारून मिळते. कोणत्याही जाणत्या कारागिराला हे काम तीन-चार दिवसांचे आहे. पावसाळ्यात चिकटवण नीट वाळत नाही, तेव्हा दसऱ्यानंतर द्या. डिसेंबरातल्या कोरड्या रस्त्यांसाठी, वेंगुर्ल्यापर्यंत आणि परत, ते बूट पुरेसे आहेत.